खुब्याचे सांधारोपण व शारीरिक श्रमाकडे पुनरागमन, भंडारा परिसरातील

झिजलेला, मोडलेला किंवा रक्तपुरवठ्याअभावी निर्जीव झालेला खुब्याचा सांधा काढून टाकून त्याच्या जागी धातू, प्लॅस्टिक वा सिरॅमिक यांपासून बनविलेला कृत्रिम सांधा बसविण्याच्या शस्त्रक्रियेला खुब्याचे सांधारोपण म्हणतात. बोलभाषेत तिला ‘गोळा बदलणे’ असे म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शस्त्रक्रियेला निश्चित स्वरूप आले. ती प्रथम पश्चिमी देशांतील वृद्ध व बैठे जीवन जगणाऱ्या रुग्णांसाठी योजली गेली. त्यांच्या वेदना थांबविणे आणि त्यांना घरातल्या घरात हिंडतेफिरते करणे, एवढाच तिचा मूळ उद्देश होता. विदर्भाच्या पूर्व भागात मात्र तिच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. भंडारा व त्याच्या लगतच्या जिल्ह्यांत या शस्त्रक्रियेची गरज पडणाऱ्यांत तरुण व मध्यमवयीन शेतमजूर, विडी कामगार आणि खाणकामगार यांचा समावेश होतो. त्यांच्या दृष्टीने चालता येणे ही केवळ पहिली पायरी होय. चिखलात उभे राहणे, जमिनीवर बसणे आणि ओझे उचलणे पुन्हा जमल्याखेरीज त्यांचा निर्वाह सुरू होत नाही. या लेखात शस्त्रक्रियेचा इतिहास आणि त्या प्रश्नाचे स्वरूप यांचा एकत्र विचार केला आहे.

सांध्याची रचना व भार : खुब्याचा सांधा उखळी प्रकारचा आहे. मांडीच्या हाडाचे (ऊर्वस्थीचे) गोल डोके कटीच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत (उलूखलात) बसलेले असते. दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत उपास्थीचे आवरण असते व त्यामुळे सांधा सहजपणे सर्व दिशांना फिरू शकतो. एका पायावर उभे राहताना शरीर विरुद्ध बाजूस कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. शरीराचा भार आणि या स्नायूंचा ताण हे दोन्ही सांध्यावरच येत असल्याने सामान्य चालीतही शरीरभाराच्या सु. अडीच ते तीन पट दाब त्यावर पडतो. हे स्नायू दुर्बळ झाल्यास चालताना कंबर दुसऱ्या बाजूस खचते. हे लक्षण जर्मन शस्त्रक्रियाविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख यांनी १८९५ मध्ये वर्णिले. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी असा जो नियम आहे, त्याचे कारणही यातच आहे; विरुद्ध हाताचा थोडासा आधार दुबळ्या स्नायूंचे बरेच काम वाचवितो.

ऊर्वस्थीच्या डोक्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बारीक असून त्यांना पर्यायी मार्ग फारसे नाहीत. त्यांत अडथळा आल्यास डोक्याचा भाग निर्जीव होतो (अस्थिमृत्यू), भाराखाली तो खचतो आणि पुढे वाटीही झिजते. मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग, स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर, अतिमद्यपान आणि दात्रकोशिका विकार ही अस्थिमृत्यूची प्रमुख कारणे होत. पश्चिमी देशांत या शस्त्रक्रियेची गरज मुख्यतः वार्धक्यातील झिजेमुळे पडते. भारतात मात्र अस्थिमृत्यू, सांध्यांचा व मणक्याचा ताठरपणा आणणारे संधिशोथ आणि अपघात यांमुळे तरुण वयात सांधा निकामी होण्याचे प्रमाण मोठे आहे.

दात्रकोशिका विकार व विदर्भ : रक्तातील रक्तारुणाच्या (हीमोग्लोबिनाच्या) रचनेतील आनुवंशिक दोषामुळे तांबड्या कोशिका प्राणवायूच्या कमतरतेत विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. जनसामान्यांत हा विकार ‘सिकलसेल’ याच नावाने ओळखला जातो. शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा कोशिकांचे प्रथम वर्णन केले आणि १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रक्तारुणाच्या रेणूचा दोष असल्याचे दाखवून दिले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये लेमान व कटबुश यांना हा गुणधर्म आढळला. मध्य भारताबाबतचा उल्लेखनीय शोध नागपूरचा होय. तेथील शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या भागातील दात्रकोशिका गुणधर्माविषयी टिपण प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या पाहण्यांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या पट्ट्यातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाज यांच्यात हा विकार विखुरलेला असल्याचे दिसून आले.

माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण निपजण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. रुग्णाच्या मात्र बारीक रक्तवाहिन्या ताठर कोशिकांनी तुंबतात आणि तीव्र वेदनांचे झटके येतात. थंडी, ओलावा, अतिश्रम, निर्जलीकरण आणि संसर्ग यांमुळे झटका उद्भवतो. वाहिन्या वारंवार तुंबल्याने ऊर्वस्थीचे डोके तारुण्यातच निर्जीव होऊ शकते व पुष्कळदा दोन्ही बाजूंचे खुबे बिघडतात. नागपूरचे विकलांग-चिकित्सक सुधीर बाभुळकर व त्यांचे सहकारी यांनी विदर्भातील रुग्णांच्या अनुभवावरून या विकारातील हाडांच्या व्याधींविषयी १९९० नंतरच्या दशकात संशोधनपर लेख प्रसिद्ध केले. त्यामुळे जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात या प्रदेशातील रुग्णांची नोंद झाली.

येथे रोग आणि व्यवसाय यांचे दुर्दैवी साहचर्य दिसते. ज्या गोष्टींनी झटका येतो, त्या सर्व धानाच्या रोवणीत एकत्र येतात : पावसात भिजणे, तासन्‌तास पाण्यात उभे राहणे, कष्ट आणि काम थांबू नये म्हणून पाणी पिण्यासही न जाणे. झटक्यातील वेदना व सततचे दुखणे यांत फरक न करता आल्याने खुब्याचे दुखणे ‘वात’ समजून अंगावर काढले जाते. मालिश, हाडवैद्याचे बांधणे व वेदनाहारक गोळ्या यांत वर्षे जातात आणि रुग्ण शस्त्रक्रियेच्या विचारापर्यंत येतो तेव्हा डोके पुष्कळदा पूर्ण खचलेले असते.

शस्त्रक्रियेचा विकास : बर्लिन येथे टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने बिघडलेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसविण्याचा प्रयोग केला, परंतु संसर्गामुळे तो टिकला नाही. बॉस्टन येथील मारियस स्मिथ-पीटर्सन यांनी १९२३ मध्ये ऊर्वस्थीच्या डोक्यावर काचेची टोपी बसविली. काच शरीराच्या भाराखाली फुटत असल्याने १९३८ पासून त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमाच्या मिश्रधातूचा वापर केला. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी डोके व वाटी हे दोन्ही भाग अगंज पोलादाचे बसविले. पॅरिसमधील झ्युदे बंधूंनी १९४६ मध्ये अॅक्रिलिकचे डोके वापरले. ते लवकर झिजत असे. अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी लांब दांड्याचे धातूचे डोके प्रचारात आणले. मानेच्या अस्थिभंगात केवळ डोके बदलण्यासाठी ते भारतातील रुग्णालयांतही दीर्घकाळ वापरले गेले.

आधुनिक सांधारोपणाचे श्रेय इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील सर जॉन चार्नली (१९११–८२) यांच्याकडे जाते. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यांनी धातूचे लहान डोके व प्लॅस्टिकची वाटी अशी योजना केली आणि दोन्ही भाग हाडात अॅक्रिलिक सिमेंटाने घट्ट बसविले. प्रथम त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली. १९५८ ते १९६२ या काळात अनेक रुग्णांना ती बसविल्यावर टेफ्लॉन वेगाने झिजते व त्याच्या कणांमुळे भोवतालच्या ऊतकांत तीव्र प्रतिक्रिया होते असे आढळले आणि त्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. नवे द्रव्य वापरण्यापूर्वी चार्नली यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून परिणाम पाहिला. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाची वाटी वापरण्यास सुरुवात केली. संसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या स्वच्छ हवेची व्यवस्था करणे, हेही त्यांचे महत्त्वाचे कार्य होय.

सांधा झिजतो हे चार्नली जाणून होते. म्हणून तरुण व कष्टकरी रुग्णांवर ही शस्त्रक्रिया सहसा करू नये, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने ही मर्यादा हळूहळू मागे सारली. फ्रान्समधील पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये सिरॅमिक सांधा वापरला. झील बुस्के यांनी १९७० नंतरच्या दशकात दोन ठिकाणी हालचाल होणारी वाटी योजली; तीमुळे सांधा निखळण्याचा धोका कमी झाला. सिमेंटाशिवाय, हाडच खडबडीत पृष्ठभागाला धरून ठेवील अशा रचना १९८० नंतर रूढ झाल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस झीजरोधक पॉलिएथिलीन आले. प्रत्येक नवी रचना यशस्वी झालीच असे नाही. धातूवर धातू घासणारे काही सांधे रक्तात धातूचे कण सोडतात असे आढळल्याने त्यांपैकी एक प्रकार २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. अनेक देशांच्या नोंदवह्यांवर आधारित, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सु. ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. साठीतील रुग्णाला हा आकडा पुरेसा दिलासा देणारा आहे. पंचविशीतील मजुराला मात्र त्यावरून आयुष्यात एकदा तरी फेरशस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागेल, असे समजते.

भारतातील स्वीकार : भारतात सांधारोपणाचा प्रसार प्रथम मोठ्या शहरांत झाला. मुंबईत के. टी. धोळकिया हे या क्षेत्रातील अग्रणी होत; ए. के. तळवलकर यांच्या नावाने ओळखले जाणारे द्विध्रुवी कृत्रिम डोकेही याच शहरातून प्रचारात आले. भारतीय रुग्ण मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून शौचास जातो आणि जमिनीवरच निजतो. या सवयी कृत्रिम सांध्याला मानवत नाहीत, ही अडचण प्रारंभापासून जाणवली. लहान डोक्याचा सांधा खोल वाकण्याने निखळण्याची भीती असे. याच कारणाने गर्डलस्टोन यांच्या नावाने ओळखली जाणारी, डोके काढून जागा मोकळी ठेवण्याची जुनी शस्त्रक्रिया भारतात बराच काळ टिकली. वाराणसी येथील एस. एम. तुली व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये क्षय व पूयजनक संसर्गाने बिघडलेल्या खुब्यांसाठी तिचे परिणाम प्रसिद्ध केले. अशा रुग्णाचा पाय आखूड होतो व त्याला काठी लागते. परंतु तो वेदनेशिवाय उकिडवा बसू शकतो. जयपूर येथे पी. के. सेठी व रामचंद्र शर्मा यांनी १९६८ मध्ये तयार केलेल्या जयपूर फुटामागेही हेच सूत्र होते : उपकरण रुग्णाच्या श्रमाला व घराच्या चालीरीतीला जुळले पाहिजे.

पुनर्वसनाच्या शास्त्रीय प्रशिक्षणाची सुरुवातही महाराष्ट्रात झाली. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये भौतिकी चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७), सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) आणि नागपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (२०१८) यांमुळे उच्च उपचार उपलब्ध होत गेले. भंडाऱ्याहून नागपूर सु. ६० किमी. असल्याने गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी या जिल्ह्यातील रुग्ण प्रामुख्याने नागपूरची वाट धरत आले. शस्त्रक्रिया नागपुरात आणि पुढील महिने खेड्यात, असे या उपचाराचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात वैद्यक समर्थ असते. दुसऱ्या भागात रुग्ण व त्याचे कुटुंब बहुधा एकटे असतात.

भंडाऱ्यातील श्रम व खुबा : भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात वसला आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर त्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. मालगुजारी तलावांचा हा प्रदेश धानाचा असून तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ आहे. तेंदूपत्ता व विडी, मोहाडी भागातील कोसा विणकाम, भंडारा शहरातील पितळी भांडी, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगॅनीजच्या खाणी आणि जवाहरनगरचा आयुधनिर्माणी कारखाना ही जिल्ह्यातील श्रमाची इतर क्षेत्रे होत.

यांतील प्रत्येक कामाचा खुब्यावरील ताण वेगळा आहे. रोवणीत बायका कंबरेत वाकून, बांधीतील चिखलात मागे सरकत पऱ्हे लावतात. धड मांडीशी काटकोनापेक्षा अधिक वाकलेले असते. चिखल पाय धरून ठेवतो आणि तो उपसताना सांध्याला पीळ बसतो. खुबा निखळण्यास नेमकी हीच स्थिती अनुकूल असते. कापणीत उकिडवे बसून विळा चालवावा लागतो. भारे वाहताना डोक्यावरील ओझ्याचा दाब सांध्यावर कित्येक पटींनी उतरतो. धुऱ्यावरून चालताना घसरून पडण्याची भीती असते आणि कृत्रिम दांड्याभोवतीचे हाड मोडणे ही गंभीर आपत्ती होय. विडी वळण्याचे काम हलके दिसते. परंतु त्यात मांडीवर सूप घेऊन दिवसभर जमिनीवर बसावे लागते. कोसा विणणाऱ्याला खड्डामागावर पाय खाली सोडून बसता येते, म्हणून सांध्याच्या दृष्टीने ते काम तुलनेने सुसह्य ठरते. भूमिगत खाणीतील चढउतार, अवजड वस्तू व कंप यांमुळे तेथील प्रत्यक्ष खणकाम सांधारोपणानंतर सहसा अयोग्य मानतात.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ : चार्नली यांच्या काळात रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवीत. एकविसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चौकटीच्या (वॉकरच्या) आधाराने उभे करतात. लवकर हालचाल केल्याने शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. घोटे हलविणे, मांडीचे व कुल्ल्याचे स्नायू आवळणे आणि पाय बाजूस उचलणे हे व्यायाम प्रारंभी शिकवितात. मागील बाजूने छेद घेतला असल्यास पहिले सहा ते बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाऊल आत वळवू नये आणि निजताना दोन मांड्यांमध्ये उशी ठेवावी, असे पथ्य सांगतात. सामान्यतः सहा आठवड्यांनी काठीवर व तीन महिन्यांपर्यंत आधाराशिवाय चालता येते. श्रमाचे काम तीन ते सहा महिन्यांनंतर, स्नायूंची शक्ती व क्ष-किरण चित्र पाहून, क्रमाने सुरू करावयाचे असते.

दात्रकोशिका रुग्णाबाबत काळजी अधिक घ्यावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी गरजेनुसार रक्त देऊन विकृत कोशिकांचे प्रमाण कमी करतात. शस्त्रक्रियेत व नंतर शरीर उबदार ठेवणे, भरपूर द्रव व प्राणवायू देणे आवश्यक असते. या रुग्णांच्या हाडाची पोकळी पुष्कळदा अरुंद व कठीण झालेली असते, त्यामुळे दांडा बसविताना हाड तडकण्याचा धोका असतो. संसर्ग व सांधा सैल होणे यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळते. वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियूरिया हे औषध चालू ठेवणे व संसर्गाची लक्षणे दिसताच उपचार घेणे हे सांध्याच्या आयुष्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. एक खुबा बदलला, तरी दुसरा निर्जीव होत नाही ना यावर लक्ष ठेवावे लागते.

खेड्यातील घर हा या काळातील पहिला अडथळा होय. जमिनीवरील अंथरूण, चुलीपुढचे बसणे, उकिडवा शौचकूप आणि शेणाने सारवलेली निसरडी जमीन या सर्वांचा पथ्याशी विरोध येतो. त्यावर साधे उपाय करता येतात : खाटेच्या पायांखाली विटा ठेवून उंची वाढविणे, आसनाला भोक पाडलेली खुर्ची शौचासाठी वापरणे, चूल ओट्यावर मांडणे, मोरीत धरण्यासाठी बांबू पक्का रोवणे. या उपायांना पैसा थोडा लागतो. ते वेळेवर सांगणारे मात्र कोणी तरी असावे लागते. गृहिणीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पुरुष रुग्णाची शुश्रूषा घरची स्त्री करते. स्त्री रुग्ण असेल तर पाणी भरणे व स्वयंपाक ही कामे काही आठवड्यांतच तिच्याकडे परत येतात आणि पथ्य तेथेच मोडते.

कामाकडे परतण्याचा क्रम : धानाचे वर्षच या क्रमाला चौकट पुरविते. कापणी-मळणी संपल्यावर, हिवाळ्याच्या प्रारंभी शस्त्रक्रिया झाल्यास आषाढातील रोवणीपर्यंत सात-आठ महिने मिळतात. मजुरीचे नुकसानही कमी होते. परंतु थंडीत झटके अधिक येत असल्याने दात्रकोशिका रुग्णाला हाच काळ जपावयाचा असतो. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता यांचे काम येते. हाती रोख रक्कम पडण्याचा हा हंगाम असल्याने वाकून फुले वेचण्याचा मोह रुग्णाला आवरत नाही. सांधा निखळण्याच्या दृष्टीने मात्र शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिनेच अधिक धोक्याचे असतात. पेरणीच्या सुमारास बियाणे निवडणे, राखण, पाणी फिरविण्यावर देखरेख अशी उभ्याने वा उंच आसनावर बसून करण्याची कामे प्रथम घ्यावीत; त्यानंतर कोरड्या रानातील हलकी कामे आणि शेवटी ओझी, असा क्रम इष्ट ठरतो. चिखलातील रोवणी पुन्हा करावी की कायमची सोडावी, हा निर्णय सांध्याचा प्रकार, स्नायूंची शक्ती आणि रक्तविकार यांवर अवलंबून राहतो. रांगेत पेरणारे ड्रम सीडर, रोवणीयंत्र व कापणीयंत्र यांमुळे वाकण्याचे श्रम टळतात; मात्र यंत्र आले की रोवणीच्या टोळीतील मजुरीही कमी होते. जो शेतकरी स्वतःच्या बांधीत राबतो त्याला यंत्राचा लाभ होतो, जो दुसऱ्याच्या बांधीत राबतो त्याचे काम जाते.

विडी कामगाराला चौरंग वा खुर्ची व समोर उंच फळी मिळाल्यास तो काही आठवड्यांत काम सुरू करू शकतो. वेतन नगावर असल्याने बसण्याची नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत कमाई घटते, हे गृहीत धरावे लागते. कारखाना व खाण यांत बदली काम देणे हा परतण्याचा सर्वांत निर्वेध मार्ग होय.

कायदा व अर्थसाह्य : १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने इजेचे मोजमाप कमाईच्या क्षमतेतील हानीवर बसविले. खुब्यापासून पाय तोडावा लागल्यास ही हानी ९० टक्के धरण्यात आली. खाणी व कारखाने या कायद्याखाली आले. शेतीत मात्र ट्रॅक्टर वा यांत्रिक शक्तीवर काम करणाऱ्यांचाच त्यात समावेश झाला. हाताने रोवणी करणारी मजूर स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली. शिवाय आनुवंशिक विकाराने झालेला अस्थिमृत्यू ही कामावरील इजा ठरत नाही. विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दात्रकोशिका विकाराला प्रथमच दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. तथापि शासकीय नोकऱ्यांतील आरक्षणासाठी रक्तविकारांचा समावेश झाला नाही. चालण्याची अक्षमता निराळी प्रमाणित झाली, तरच तो लाभ मिळू शकतो. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यानंतर (१९७७) केंद्राची ग्रामीण रोजगार हमी योजना २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत भंडारा होता. पाणी देणे, मुले सांभाळणे अशी हलकी कामे अपंगांना देण्याची पद्धत या योजनेत होती.

शस्त्रक्रियेच्या खर्चाबाबत राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत व पुढील वर्षी राज्यभर सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. खुबा व गुडघा यांच्या सांधारोपणाचाही पुढे तीत समावेश झाला. दात्रकोशिका विकाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू करण्यात आले. तपासणी व समुपदेशन यांवर त्याचा भर आहे. योजनांमुळे शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. परंतु पुढील पाच-सहा महिन्यांची बुडालेली मजुरी, नागपूरच्या फेऱ्यांचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची खाडे पडलेली कामे यांची भरपाई त्यांतून होत नाही. मुदतीपूर्वी चिखलात उतरण्याचे कारण बहुधा अज्ञान नसून ही तूट असते.

समारोप : खुब्याच्या सांधारोपणाच्या इतिहासात द्रव्ये व रचना यांत झालेली प्रगती मोठी आहे. चार्नली यांनी ज्या तरुण कष्टकऱ्याला ही शस्त्रक्रिया नाकारली असती, त्याच्यावर ती आता केली जाते. मात्र तिच्या यशाचे मोजमाप वेदनामुक्ती, चालण्याचे अंतर आणि सांध्याचे आयुष्य यांवरच मुख्यतः होत आले. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आणखी एक माप लावणे आवश्यक ठरते : पुढील हंगामात रुग्णाच्या घरी मजुरी आली की नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर भौतिकी चिकित्सा, खुब्याचे दुखणे लवकर ओळखण्यासाठी दात्रकोशिका रुग्णांची नियमित तपासणी, विश्रांतीच्या काळातील निर्वाहसाह्य आणि गावातच बदली काम या चार गोष्टींची जोड शस्त्रक्रियेला मिळावी लागते. त्यांच्या अभावी उत्तम बसविलेला सांधाही एका पावसाळ्यात निकामी होऊ शकतो. त्या मिळाल्यास तोच सांधा त्या घराला अनेक हंगाम साथ देतो.